लाडवातली पुडी

धुळाप्पाची पोरगी परदेशात पळायला निघाली तेव्हा वर्तमानपत्रात फोटोसकट बातमी आली. बातमीत लिहिलं होतं, की मेंढरांमागं धावता धावता सृष्टी धावपटू झाली. मी दुकानात बसून ते वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. अहो, मेंढरांमागं कोण धावतं? मेंढरं रमतगमत चालतात आणि त्यांच्यामागचा माणूस त्यांच्याहून रमतगमत चालतो. धुळाप्पाला तर मी जन्मात कधी घाई करताना पाहिलेला नाही. पण पेपरवाल्यांना मेंढपाळाची पोर म्हटली की एवढंच सुचतं.

मला लोक आण्णासाहेब म्हणतात. उमरग्याहून हायवे सोडून दहा किलोमीटर आत आलं की आमचं गाव लागतं आणि गावात शिरताना डाव्या हाताला माझं मेडिकलचं दुकान. तीस वर्षं झाली. कुणाची शुगर किती, कुणाच्या छातीत कधी दुखलं, कोणती सून माहेरी जाताना कसल्या गोळ्या नेते, सगळं मला ठाऊक असतं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो. राहिलेले पाच दिवस लोक मलाच डॉक्टर समजतात आणि खरं सांगायचं तर मलाही ते आवडतं. ह्या आवडीचं पुढं काय झालं, ते सांगायलाच मी बसलो आहे.

धुळाप्पा पंचावन्नच्या आसपासचा. उंच, काटक, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं आणि घोंगड्याच्या घडीत मोबाइल. बापाच्या काळी त्यांची दीडशे मेंढरं होती, आता चाळीसेक उरलीत. बायको सखूबाई. थोरला मुलगा कुमार सोलापूरला एसटीत कंडक्टर आणि धाकटी सृष्टी. माणूस बोलायला कमी, पण जनावराच्या दुखण्यात त्याचा हात पक्का. मेंढी लंगडायला लागली, तिच्या खुराला सूज आली, पोट फुगलं, की आसपासची माणसं सरकारी डॉक्टरच्या आधी धुळाप्पाला बोलावतात.

त्याची औषध द्यायची एक रीत होती. मेंढीचा जबडा धरून औषध पाजलं तर तिला ठसका लागतो, औषध भलतीकडं जातं आणि धडधाकट मेंढी हातची जाते. म्हणून धुळाप्पा औषध गुळात मळायचा. गूळ तळहातावर ठेवून नुसता उभा राहायचा. मेंढी आपणहून यायची, हात चाटून पुसून जायची. तिला शेवटपर्यंत कळायचं नाही, की आपल्याला औषध दिलं. त्याला ह्याचा फार अभिमान होता. औषध सांगून द्यायचंच नसतं, असं त्याचं म्हणणं, आणि हे तो घरातही चालवायचा. सखूबाईचं बीपीचं औषध तिनं सोडून दिलं, तर हा गडी ते सकाळच्या चहात घालायला लागला. कुमारला लहानपणी जंताचं औषध शिऱ्यातून दिलं. हे सगळं तो मला हसत हसत सांगायचा. मीही हसायचो. उलट कोणती गोळी चहात चटकन विरघळते, हे त्याला मीच सांगितलं होतं.

सृष्टीचं म्हणाल, तर तिची सुरुवात खो-खोनं झाली. आमच्या जिल्ह्यात पोर जरा चपळ दिसलं की आधी त्याला खो-खोच्या पाटीत बसवतात. पण हिला बसवेना. पाठीवर थाप पडायच्या आधीच ही उठायची आणि पंच शिट्टी मारून चूक द्यायचे. शाळेतले सर वैतागले आणि एका तालुका स्पर्धेत त्यांनी तिला लांब पल्ल्याच्या शर्यतीत ढकललं. ती जी पहिली आली, ती पुन्हा खो-खोकडं फिरकली नाही. पुढं पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात निवड झाली. तिथं तिला अडथळ्यांची शर्यत मिळाली. तीन हजार मीटर पळायचं, वाटेत लाकडी अडथळे, आणि काही ठिकाणी अडथळ्यापलीकडं पाण्याचा खड्डा. सखूबाईनं पहिल्यांदा मोबाइलवर ते बघितलं आणि विचारलं, की चांगला रस्ता सोडून हिला पाण्यातनं कशाला पळवतात. एकोणिसाव्या वर्षी पोरगी देशात दुसरी आली आणि थायलंडला होणाऱ्या आशियाई कनिष्ठ गटाच्या स्पर्धेत तिचं नाव लागलं. छातीवर भारत लिहिलेला बनियन घालून ती गावात आली, त्या दिवशी ग्रामपंचायतीनं रस्ता झाडला. इतर वेळी तो झाडत नाहीत.

स्पर्धेच्या सराव शिबिराला जाण्याआधी तिला आठ दिवसांची सुट्टी होती. तेव्हाच तिचा उजवा गुडघा सुजलेला होता. सकाळी उठली की पहिली दहा पावलं ती भिंतीला धरून टाकायची. मी दुकानातून दुखऱ्या जागी मारायचा फवारा काढून दिला. तिनं तो हातात घेतला, मोबाइल उघडला, फवाऱ्याच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचून मोबाइलमधल्या यादीशी ताडून बघितलं आणि परत केला. "काका, मला खोकल्याचं औषधबी चालत न्हाय," ती म्हणाली. "काय घ्यायचं ते आधी पुण्याच्या सरांना दाखवायचं, मग घ्यायचं." मला राग आला. तीस वर्षांचं दुकान, आणि काल चड्डीत फिरणारी पोर माझ्या डब्या तपासते. मी धुळाप्पाजवळ बोलूनही दाखवलं, की तुझी लेक फार शहाणी झाली.  पण त्याच्या डोक्यात मात्र तिचं ते नाही म्हणणं बसलं. जबडा मिटून घेणाऱ्या मेंढीसारखं.

दुसऱ्या दिवशी उमरग्याचा बाजार होता. बाजारात कर्नाटकच्या सीमेपलीकडून एक औषधवाला येतो. पांढरी दाढी, पुढ्यात वाळक्या मुळ्यांचा ढीग आणि सांधेदुखीच्या पुड्या. चार दिवसांत गुडघा मोकळा, असं तो सांगतो आणि चार दिवसांत गुडघा खरंच मोकळा होतो. आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्या त्या पुडीवर चालतात. धुळाप्पानं त्याच्याकडून पंधरा पुड्या आणल्या. सखूबाई लेकीसाठी शेंगदाण्याचे आणि डिंकाचे लाडू करत होती. तिनं गूळ फोडून ठेवला आणि ती पाणी आणायला गेली. तेवढ्यात धुळाप्पानं सगळ्या पुड्या त्या गुळात मळल्या.

सृष्टी डबा घेऊन गेली. शिबिरात बाहेरचं काहीही खायला बंदी होती आणि ती बंदी तिनं जिवापाड पाळली. पण आईच्या हातचे लाडू बाहेरचे कसे असतील? रोज सकाळी एक लाडू, वर दूध.

आठवड्याभरात तिचा फोन आला, की गुडघ्याची सूज उतरली, आता अडथळ्यावरून उतरताना दुखत नाही, सर म्हणतात पदक येईल. त्या दिवशी धुळाप्पानं माझ्या दुकानात बसून मला चहा पाजला. चहा पिताना तो मधूनच हसायचा. मला वाटलं, बापाचा आनंद आहे. त्यानं लाडवांचं मला सांगितलं नव्हतं. बहुधा पोरगी पदक घेऊन आली, की सगळ्यांसमोर सांगून एकदम मोठेपणा घ्यायचा त्याचा बेत असावा. त्याच्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे पंधरा दिवस, असं आता मला वाटतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी तो दुकानात आला. ऊन मी म्हणत होतं, गिऱ्हाईक कुणी नव्हतं. तो काउंटरला टेकला. मग त्यानं विचारलं, की मेंढराला औषध दिलं तर ते त्याच्या मुतात दिसतं का. मी म्हटलं, मेंढराचं मूत कोण बघतंय? तो हसला नाही. त्यानं घोंगड्याच्या घडीतून कागदाची एक रिकामी पुडी काढली आणि काउंटरवर ठेवली. घड्यांमध्ये अजून पांढरट भुकटी अडकली होती.

हळूहळू त्यानं सगळं सांगितलं. तीन दिवसांपूर्वी सृष्टीचा थायलंडहून फोन आला होता. तिकडं सगळ्या खेळाडूंना एका सभागृहात बसवून सांगितलं, की शर्यत संपली की पहिल्या तिघींना आणि आणखी काहींना बाजूला नेतील, बाईमाणूस समोर उभी राहील आणि बाटलीत लघवी घेतील. ती परदेशातल्या मोठ्या प्रयोगशाळेत जाईल. काही निघालं तर पदक जाईल, आणि दोन वर्षं, चार वर्षं पळायची बंदी. सोबतच्या एका पोरीनं ताप उतरायला कुणीतरी दिलेली गोळी घेतली होती, तिला त्या दिवसापासून झोप नाही. सृष्टी हे सांगून हसली होती. म्हणाली, आप्पा, मला कसली भीती, मी घरच्या लाडवाशिवाय काही खाल्लंच नाही.

"म्हणून म्या इचारतोय," धुळाप्पा म्हणाला. "झाडपाल्याचंच हाय न्हवं ते? मुळ्याच हायत त्यात. मुळ्यात काय निघतंय."

पुढं काय बोलायचं, हे मला माहीत होतं आणि ते बोलायचं नव्हतं.  त्या पुडीत मुळ्या नावापुरत्या असतात. बाकी असतात त्या सूज मारणाऱ्या स्टेरॉइडच्या पांढऱ्या गोळ्या, कुटून बारीक केलेल्या. चार दिवसांत गुडघा मोकळा करतात, आणि वर्षभरात म्हातारीचं तोंड भाकरीसारखं गोल सुजवतात, हाडं पोखरतात. मला हे कसं ठाऊक? दर दोन महिन्यांनी तो दाढीवाला माझ्या दुकानात येतो आणि त्या गोळ्यांचे डबे घेऊन जातो. चिठ्ठी मी कधी मागितली नाही. एवढ्या गोळ्यांचं करतोस काय, हेही विचारलं नाही. सुजलेल्या तोंडाच्या म्हाताऱ्या माझ्याच दुकानात बीपीच्या गोळ्या घ्यायला यायच्या. मी त्यांच्याकडं बघायचो आणि मान खाली घालून गोळ्या बांधून द्यायचो.

मी आधी आडवळणानं सांगून बघितलं. म्हटलं, धुळाप्पा, ह्या लोकांचा भरवसा नसतो, मिसळतात काहीबाही. त्याला पटेना. त्याचा जीव त्या मुळ्यांना लटकला होता. वीस वर्षं ह्या पुड्या लोक घेतात, कुणाला काय झालं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. माणूस भ्याला की अशाच कशाला तरी घट्ट धरतो. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले होते आणि दुसऱ्या दिवशी चारला तिची शर्यत होती.

"धुळाप्पा, त्यातल्या गोळ्या माझ्याच दुकानातनं जात्यात," मी म्हटलं. "तिला चालत न्हाईत. तपासलं तर निघणार."

 मला वाटलं, आता शिवी देईल, कदाचित हात उगारेल, आणि उगारला असता तर मला जरा बरं वाटलं असतं. तो खाली पायरीवर बसला.  मग तो म्हणाला, की फोन तुम्हीच लावा, माझ्या बोटाला नंबर सापडायचा नाही.

पहिल्या दोन वेळा तिनं उचलला नाही. तिसऱ्या वेळी उचलला. मागं पोरींचा हसण्याचा गलका ऐकू येत होता. धुळाप्पानं काहीही आडपडदा न ठेवता सांगितलं. माणूस एरवी कमी बोलतो, पण तेव्हा त्यानं बाजार, पुड्या, गूळ, सगळं एका दमात ओतलं. मी फोन मधे धरून उभा होतो. पलीकडचा गलका हळूहळू कमी होत गेला. ती कुठंतरी बाजूला चालत गेली असावी.

"आजबी खाल्ला म्या," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "आईला म्हाईत हाय?"

"न्हाय."

"आप्पा, मला इचारलं का न्हाय तुमी?"

 त्याच्या रीतीत विचारणं बसतच नव्हतं. तो नुसता "बाळा, बाळा" करत राहिला. फोन कट झाला. पुन्हा लावला तर बंद.

त्यानंतरचे चोवीस तास आम्हा दोघांना काहीच कळलं नाही. तिनं सरांना सांगितलं का? की पदकाच्या आशेनं गप्प बसली? एकोणीस वर्षांची पोर, पाच वर्षं घर सोडून राहिलेली, छातीवर देशाचं नाव. तिच्या जागी मी असतो तर गप्प बसलो असतो, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचीच भीती वाटत होती. पळाली आणि जिंकली, तर बाटली समोर येणार. मग पेपरवाले मेंढरांची गोष्ट विसरणार आणि दुसरीच लिहिणार. हरली तरी सुटका नव्हती, कारण चिठ्ठ्या टाकून कुणालाही बोलावतात, असं तिनंच सांगितलं होतं. धुळाप्पानं त्या दिवशी मेंढरं सोडलीच नाहीत. दिवसभर ती मेंढवाड्यात ओरडत होती आणि सखूबाई त्याला विचारत होती, की तुम्हाला झालंय तरी काय.

दुसऱ्या दिवशी चारच्या आधीच माझ्या दुकानापुढं पंधरा-वीस माणसं जमली. गावात इंटरनेट सगळ्यात बरं माझ्या दुकानात चालतं. मी मोबाइल बरणीला टेकवून ठेवला. सखूबाई नवं लुगडं नेसून पायरीवर बसली होती. तिनं मोबाइलला हळदकुंकू लावलं. धुळाप्पा सगळ्यांच्या मागं, शटरची कड दोन्ही हातांनी धरून उभा होता. लोक त्याला पुढं बोलवत होते, पण तो हलला नाही. मी त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. तो माझ्या कानाशी म्हणाला, "दिसू नये, आण्णासाहेब. ती तिथं दिसू नये."

पोरी रेषेवर येऊन उभ्या राहिल्या. कॅमेरा एकेकीच्या तोंडावरून सरकायला लागला. जपानची, चीनची, व्हिएतनामची, कुणी हात हलवत होती, कुणी मान झटकत होती. प्रत्येक तोंडाला धुळाप्पाचा श्वास अडकत होता आणि सुटत होता. देव असला तर त्याच्याकडं त्या घडीला दोन मागणी गेली असतील. बायको पुढं बसून लेक दिसावी म्हणून हात जोडत होती आणि नवरा मागं उभा राहून ती दिसू नये म्हणून. भारताच्या बनियनातली एक पोरगी दिसली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. धुळाप्पानं माझं मनगट असं आवळलं की दोन दिवस वळ राहिला. पण ती दुसरी होती, केरळची. मग बंदुकीचा आवाज झाला आणि पोरी सुटल्या. सृष्टी त्यात नव्हती.

धुळाप्पा खाली बसला आणि घोंगड्यात तोंड घालून हुंदके द्यायला लागला. लोकांना वाटलं, पोरगी नाही म्हणून रडतोय. पोरगी नाही म्हणूनच रडत होता तो, पण लोकांना वाटलं त्या कारणानं नव्हे.

शर्यत संपल्यावर निकाल आला. सगळ्यात खाली सृष्टीचं नाव होतं आणि पुढं लिहिलं होतं, की ती शर्यतीत उतरलीच नाही. तिसरी आलेल्या पोरीची वेळ सृष्टीच्या नेहमीच्या वेळेपेक्षा तब्बल आठ सेकंदांनी जास्त होती. कुणीतरी ते मोठ्यानं बोलून दाखवलं. मग जीभ सगळ्यांचीच सुटली. एक म्हणाला, आपली माणसं इथं वाघ आणि तिकडं गेली की पाय लटपटतात. दुसरा म्हणाला, सरकारच्या पैशानं फिरून येतात. तिसऱ्यानं सरळ सांगितलं, की पोरगी भ्याली. हे तिघंही कधी गावच्या वेशीपर्यंत पळालेले नाहीत. पण मीच काय बोलणार होतो?

संध्याकाळी सृष्टीचा फोन कुमारला आला आणि कुमारकडून आम्हाला कळलं. फोन ठेवल्या ठेवल्या तिनं सरांकडं जाऊन सगळं सांगितलं होतं. लाडवांचा डबासुद्धा त्यांच्या हातात दिला. पथकातल्या डॉक्टरनं सांगितलं, की असलं औषध फक्त शर्यतीच्या दिवशी अंगात चालत नाही, उतरली नाहीस तर कदाचित वाचशील. पण लाडवात आणखी काय काय आहे, हे तपासल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. काही दुसरं निघालं तर बंदी येईलच. तोपर्यंत कुणी एक अक्षर बोलायचं नाही. कागदावर गुडघ्याचं दुखणं लिहिलं होतं. पोरगी तिथूनच परस्पर पुण्याला गेली.

तपासणीला अडीच महिने लागले. ते अडीच महिने धुळाप्पा कसा जगला, हे मी बघितलंय. पोस्टमन गल्लीत शिरला की हा घरामागं जायचा. मोबाइल वाजला की आधी सखूबाईच्या हातात द्यायचा. दाढीवाल्याला जाऊन त्यानं विचारलं, की पुडीत अजून काय घालतोस. तो म्हणाला, गुरूचं औषध आहे, सांगता येत नाही. ते उत्तर ऐकून तर धुळाप्पाची अन्नावरची वासनाच उडाली. चहाच्या टपरीवर लोक त्याच्यासमोर सृष्टीला भित्री म्हणायचे. तो ऐकून घ्यायचा. एकदा मी त्याला म्हटलं, ऊठ इथून, कशाला ऐकतोस. तो म्हणाला, तिच्या वाटणीचं कुणीतरी ऐकाय पायजे. सखूबाईला कुमारनं सगळं सांगितलं होतं. ती नवऱ्याला वाढायची, पण त्याच्याशी बोलत नव्हती. लाडू तिच्या हातचे होते, ह्याचं तिला जास्त लागलं होतं.

मी दाढीवाल्याला डबे देणं बंद केलं. तो आता दुसऱ्या दुकानातून घेतो. बाजारात पुड्या अजून खपतात. ह्यात मला शाबासकी देण्यासारखं काही नाही.

शेवटी कळलं, की लाडवात त्या गोळ्यांशिवाय काही निघालं नाही. बंदी नाही. पोरगी पळायला मोकळी. कुमारनं हे फोनवर सांगितलं तेव्हा धुळाप्पा माझ्या दुकानातच होता. तो पायऱ्या उतरून थेट टपरीवर गेला आणि तिथं बसलेल्या सगळ्यांसमोर पुड्यांपासून सगळं सांगून आला. माझं नाव त्यानं घेतलं नाही. ते मी आता इथं घेतो आहे.

पुढच्या महिन्यात सृष्टी दोन दिवसांसाठी घरी आली. मलाही जेवायला बोलावलं होतं. जायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. ती मला वाकून नमस्कार करायला आली, नेहमीसारखी, आणि मला तिच्या तोंडाकडं बघवेना. गुडघा आता बरा होता. पुण्याच्या डॉक्टरनं व्यायाम सांगून बरा केला होता, वेळ लागला इतकंच.

सखूबाईनं गरम भाकरी, वांग्याचं भरीत आणि ताक वाढलं. लेकीचं ताट धुळाप्पानं स्वतः उचलून तिच्यापुढं ठेवलं. ती ताटाकडं बघत राहिली.  धुळाप्पा तिच्यासमोर मांडी घालून बसला. त्यानं तिच्या भाकरीचा तुकडा मोडला, भरिताला लावला आणि खाल्ला. मग तिच्या वाटीतलं ताक एक घोट प्याला. चटणीत बोट बुडवून चाटलं. एकेक करून ताटातला प्रत्येक पदार्थ त्यानं तिच्या डोळ्यांदेखत खाऊन दाखवला आणि ताट तिच्याकडं सरकवलं.  मला वाटतं, त्या परदेशातल्या प्रयोगशाळेला तो जितका भ्याला नसेल, तितका त्या घडीला भ्याला होता.

"आप्पा, माझा राग न्हाय," सृष्टी म्हणाली. "पण म्या आता माझं मीच करून खाते. कुठंबी गेले तरी."

तिनं पिशवीतून छोटं पातेलं काढलं, मुगाची डाळ आणि तांदळाची पुरचुंडी काढली आणि आईच्या शेजारी चुलीपाशी जाऊन बसली. सखूबाईनं पदर तोंडाला लावला.  धुळाप्पानं ते ताट परत आपल्यापुढं ओढलं, अन्न टाकवत नाही म्हणून, आणि खाली मान घालून जेवायला लागला. मधेच त्यानं मान वर केली. पातेल्यात ती काहीतरी टाकत होती.

"मीठ तरी घरचं घे की गं," तो म्हणाला.

"मीठबी आणलंय, आप्पा."